सीलबंद ब्लेझर

चिरंजीवांना काळा ब्लेझर हवा आहे, ही बातमी घरात फुटली तेव्हा तीर्थरूप टीव्ही बघत होते. म्हणजे पडद्यावरच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यातून जेवढा दिसेल तेवढा टीव्ही बघत होते. तो पापुद्रा कारखान्याने चिकटवलेला होता आणि तीर्थरूपांच्या हयातीत तो निघेल अशी काही चिन्हं नव्हती. त्यामुळे या घरात सगळ्या वाहिन्यांवर बारमाही धुकं असे. वाळवंटाच्या माहितीपटातही.

"काळा?" तीर्थरूपांनी आवाज कमी केला. "कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही, बाबा. रविवारी एका ठिकाणी जेवायला जायचंय."

"जेवायला काळं कशाला?" मातोश्री स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग जरा विचार करून, "बरंय म्हणा. सांडलं तर दिसणार नाही."

तीर्थरूपांची उमेदीची सगळी वर्षं वीज कंपनीत मीटरला सील ठोकण्यात गेली होती. त्यांच्या मते माणसांच्या दोनच जाती: ज्यांचं सील शाबूत आहे ते, आणि ज्यांची चौकशी चालू आहे ते. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, पण सील काही सुटलं नाही. फ्रिजवर दुकानातले स्टिकर होते. मिक्सर खोक्यात राहत असे आणि चटणीपुरता बाहेर येऊन अंग पुसून परत खोक्यात जात असे. प्रवासाच्या बॅगेला कव्हर होतं आणि त्या कव्हरला पिशवी होती. सोफ्यावरचं जाड प्लास्टिक तर असं होतं, की उन्हाळ्यात पाहुणा उठायला लागला तरी सोफा त्याला सहजासहजी सोडत नसे. काही पाहुणे भिडेखातर आणखी एक कप चहा घेऊन मगच सुटायचा दुसरा प्रयत्न करत.

याच कारणासाठी चिरंजीवांनी डॉक्टरीणबाईंना आजवर घरी आणलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई कोण, हे सांगायला हवं. चिरंजीव लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात होते. लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकून फोन करत आणि चिरंजीव संथ आवाजात सांगत, "घाबरू नका. दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. दार उघडेल." लोकांना धीर देणारे हे गृहस्थ स्वतः मात्र एकदा न्हाणीघरात घसरले आणि हनुवटी फोडून घेतली. टाके घातले डॉक्टरीणबाईंनी. आठवड्याने काढायला या म्हणाल्या. घरी तीर्थरूपांचं मत पडलं, की इतके घट्ट बसलेत तर काढायचे कशाला? शेवटी दवाखान्यातून फोन आला. बोलणं टाक्यांवरून सुरू झालं ते कुठल्या कुठे गेलं, आणि आता तर डॉक्टरीणबाईंच्या वडिलांपर्यंत येऊन ठेपलं होतं.

"रविवारी बाबा तुला भेटणारेत. हॉटेलात," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "काळा ब्लेझर घालून ये. बाबांची नजर आधी कपड्यांवर जाते, मग माणसावर."

"आणि माणूस नाही आवडला तर?"

"कपडे आवडले तर माणसाला एक संधी देतात. नाही आवडले तर विषय संपला. मागं एकाला त्यांनी सूपसुद्धा पुरं करू दिलं नव्हतं."

"घरीच भेटलो तर? हॉटेल कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने घड्याळ बघितलं. "पेशंट आलाय," म्हणाल्या आणि निघून गेल्या. चिरंजीवांनी यातून एवढाच बोध घेतला, की घर भलतंच मोठं असणार आणि आपली तिथवर जायची लायकी अजून ठरायची आहे.

ताईला बरोबर घेऊन ब्लेझर आणला. ताई बँकेत असल्यामुळे दुकानदाराच्या नजरेला नजर देऊन बोलू शकत असे. कापड उत्तम, रंग थेट काळा, खांदे बरोबर. घरी आल्यावर तीर्थरूपांनी विजेरी मागवली आणि ब्लेझर टेबलावर पालथा घालून तपासणी सुरू केली.

नव्या ब्लेझरच्या पाठीमागे खाली दोन काप असतात. ते दुकानात फाकू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्यावर पांढऱ्या दोऱ्याची एकेक फुली मारतात. खिसे कच्च्या टाक्याने बंद असतात. डाव्या बाहीवर कंपनीच्या नावाची पट्टी टाचलेली असते. घरी आणल्यावर हे सगळं काढून टाकायचं असतं, हे जगात सर्वांना ठाऊक आहे. ताईनं तेवढ्यासाठीच कात्री आणली.

"खबरदार!" तीर्थरूपांनी ब्लेझरवर दोन्ही हात पसरले. "सील शाबूत आहे."

"बाबा, ते सील नाहीये. टाके आहेत. काढायचेच असतात."

"काढायचे असतात तर घातले कशाला? एवढा मोठा कारखाना काय वेडा आहे?"

"अहो, खिसे आहेत ते!"

"मग? कुठं पळून चाललेत का खिसे? आत आहेत, सुरक्षित आहेत."

"आणि मागच्या फुल्या? मी बसू कसा?" चिरंजीव कळवळून म्हणाले.

"ताठ," तीर्थरूप म्हणाले.

तेवढ्यात लक्षात आलं, की बाह्या लांब आहेत. चिरंजीवांची फक्त नखं दिसत होती. तीर्थरूप ताईला घेऊन जातीने दुकानात गेले. दुरुस्तीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, बाही आखूड करून देऊ, पण आधी पट्टी काढून आणा, गिऱ्हाइकाच्या पट्टीला आम्ही हात लावत नाही. तीर्थरूप बदलीच्या खिडकीवर गेले. तिथला माणूस म्हणाला, बदलून देऊ, पट्टी आणि टाके जागच्या जागी आहेत, वा! फक्त दुरुस्ती होत नाही असं दुरुस्तीवाल्यांकडून वदवून आणा. दुरुस्तीवाला म्हणाला, होत नाही असं आम्ही कसं म्हणू? होते की. पट्टी काढा.

तीर्थरूप या दोन खिडक्यांमध्ये बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. ताईला वाटलं, आता भडकणार. पण तीर्थरूपांचे डोळे भरून आले होते. "काय शिस्त आहे!" ते म्हणाले. नोकरी सुटल्यापासून इतकं आपलेपण त्यांना कुठे मिळालं नव्हतं. दोघांशी हस्तांदोलन करून ते होता तो ब्लेझर घेऊन घरी आले. मातोश्रींनी बाह्या आत दुमडून हाताने टाके घातले. त्याला तीर्थरूपांनी हरकत घेतली नाही. त्यांचा विरोध टाके काढण्याला होता, घालण्याला नव्हता.

आता प्रश्न उरला ब्लेझरबरोबर काय घालायचं हा. त्यावर सल्ला द्यायला समोरचे काका आले. काका एकदा पुतण्याच्या पदवीदान समारंभाला परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून कोट, हवामान आणि चीज या तीन विषयांवर त्यांचा शब्द अखेरचा होता.

"ब्लेझर घालायचा नसतो," काका म्हणाले. "तो वागवायचा असतो."

"म्हणजे नेमकं काय करायचं, काका?"

"ते मी कसं सांगू? ते अंगात असावं लागतं."

अंगात काय आहे ते बघायला चिरंजीव पांढरा शर्ट, काळी पँट आणि ब्लेझर घालून कोपऱ्यापर्यंत फिरून आले. यायला उशीर झाला. कारण बाकावर बसलेल्या एका आजींनी "वकीलसाहेब, जरा थांबा" म्हणून त्यांना बसवून घेतलं आणि घर न सोडणाऱ्या भाडेकरूची हकिगत पहिल्यापासून सांगितली. चिरंजीवांना कुणाचं बोलणं तोडता येत नसे. सगळं ऐकून घेतल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून ते सवयीने म्हणाले, "घाबरू नका. दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. दार उघडेल." आजी समाधानाने घरी गेल्या. असा वकील आजवर भेटला नव्हता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काळा शर्ट घालून बघितला. ताई डबा विसरली होती, तो द्यायला चिरंजीव त्याच वेषात बँकेत गेले. दारावरच्या रखवालदाराने त्यांना नखशिखांत न्याहाळलं, "आलास? किती वाट बघायची?" असं म्हणून दार त्यांच्या हातात दिलं आणि तो जेवायला निघून गेला. ताई बाहेर आली तेव्हा चिरंजीव गिऱ्हाइकांसाठी दार उघडत होते, आणि बँकेत इतकं अदबीने कुणी दार उघडत नाही म्हणून एक बाई व्यवस्थापकांपाशी कौतुक करत होत्या.

मग ताईने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात एक देखणा मुलगा काळा ब्लेझर नाना तऱ्हांनी घालून दाखवत होता. पांढरा टी-शर्ट, जीन्स, पांढरे बूट. चिरंजीवांनी तसं केलं.

"वरून कोर्ट, खालून बाजार," तीर्थरूप म्हणाले.

"मोजे कुठायत?" मातोश्रींनी विचारलं.

"ते दिसायचे नसतात, आई."

"दिसायचे नसतात की घातलेच नाहीत?"

व्हिडिओतला मुलगा एक पाय मागे भिंतीला लावून उभा राहत असे. चिरंजीवांनी तसा पाय उचलताच तीर्थरूप ओरडले, "भिंतीला पाय लावू नकोस! नुकता रंग दिलाय!" नुकता म्हणजे ताई कॉलेजात असताना. मुलगा खिशात हात घालत असे. खिसे बंद होते. मुलगा ब्लेझर एका बोटावर अडकवून खांद्यावरून पाठीवर सोडत असे. त्यात सीलला धोका नव्हता, पण काका म्हणाले, असा तो फक्त धुवायला टाकायला नेतात. शेवटी मुलाने वरच्या खिशात लाल रुमालाचं टोक खोचलं. तो खिसाही शिवलेला, म्हणून मातोश्रींनी रुमाल बाहेरून सेफ्टीपिनने लावून दिला. चिरंजीवांनी आरशात बघितलं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी ते नेमके असेच दिसत होते. मातोश्रींना गहिवरून आलं.

अखेर आकाशी शर्ट आणि करडी पँट यांवर एकमत झालं. आणि खरं सांगायचं तर चिरंजीव त्यात बरे दिसत होते. पाठीमागच्या पांढऱ्या फुल्यांवर मातोश्रींनी काळ्या मार्करने रंग फिरवला. उरली बाहीवरची पट्टी. तिच्यासाठी काकांनी युक्ती सांगितली: डावं मनगट उजव्या हाताने कायम धरून ठेवायचं.

"असे कोण उभे राहतात, काका?"

"फार मोठे लोक," काका म्हणाले. थोड्या वेळाने प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "किंवा शोकसभेतले."

रविवारी चिरंजीवांनी नेलकटर घेऊन न्हाणीघराची कडी लावली. एक टाका. एकच तोडायचा, म्हणजे पुढचे आपोआप तुटतील. नेलकटर दोऱ्यापाशी नेलं. बाहेर तीर्थरूप नव्हते, कुणीच नव्हतं. पण हात पुढे जाईना. जन्मापासून ज्या घरात पेनाच्या टोपणावरचा मेणाचा ठिपकासुद्धा कुणी खरवडला नाही, तिथलं रक्त ते. चिरंजीवांनी नेलकटर त्याच्या पाकिटात ठेवलं, पाकीट डबीत ठेवलं आणि मनगट धरून ते हॉटेलकडे निघाले.

"छान दिसतोयस," दारात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनगट दुखतंय का?"

"नाही. असंच. धरलंय."

"दाखव बघू."

"नको!" चिरंजीव इतक्या जोरात म्हणाले, की दोन वेटर थांबले.

डॉक्टरीणबाईंचे वडील आईंना घेऊन आधीच येऊन बसले होते. एका मोठ्या गोदामाचे ते अधीक्षक होते, भरघोस मिशा, आणि अंगात काळा ब्लेझर. बसण्याची ढब तर अशी, की पाठ खुर्चीला टेकलेली नाही, मान ताठ आणि उजव्या हाताने डावं मनगट धरलेलं. चिरंजीवांनी आपलं मनगट आणखी घट्ट धरलं. काका म्हणाले होते ते फार मोठे लोक हेच.

अधीक्षकांनी हात पुढे केला नाही, नुसती मान लववली. चिरंजीवांनीही मान लववली आणि देवाचे आभार मानले. मग ते ताठ बसले. अधीक्षक समोर ताठ बसलेले होतेच. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं असावं, की आता कुणीतरी फोटो काढणार आहे.

हॉटेलातलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं होतं. आसपासच्या सगळ्या पुरुषांनी कोट काढून खुर्चीवर टाकले. अधीक्षकांनी काढला नाही. मग चिरंजीव कसा काढणार? दोघांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"काय करता आपण?" अधीक्षकांनी विचारलं.

"लिफ्टमध्ये... म्हणजे लिफ्टच्या कंपनीत. अडकलेल्यांना धीर देतो."

"काय सांगता त्यांना?"

"घाबरू नका, म्हणतो. दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. दार उघडेल."

"आणि नाही उघडलं तर?"

"पुन्हा तेच सांगतो."

अधीक्षकांनी "हं" केलं. त्यांची नजर शर्टाच्या कॉलरपासून बुटांपर्यंत जाऊन परत आली. सूप आलं. दोघंही डावा हात टेबलाखाली ठेवून ते एकाच हाताने पिऊ लागले. पाव तोडायची वेळ आली तेव्हा दोघांनीही नको म्हटलं. डॉक्टरीणबाईंच्या आई म्हणाल्या, "बाहेर आलं की यांचं हे असंच. भूक नसते." डॉक्टरीणबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या, जसा रोगाचा पत्ता लागता लागता निसटावा तशा.

इतक्यात वेटर मोठं ताट घेऊन मागून आला आणि त्याला वाट द्यायला चिरंजीव मनगट धरून उठले.

खुर्चीला पांढरंशुभ्र कापडी कव्हर होतं. त्यावर दोन काळ्या फुल्या उमटल्या होत्या. शेजारी शेजारी, ठसठशीत, गणिताच्या चुकलेल्या पेपरवर असतात तशा. मातोश्रींचा मार्कर घामाने विरघळला होता. चिरंजीव घाबरून दोन्ही हातांनी नॅपकिन घेऊन पुसायला धावले. मनगट सुटलं आणि बाहीवरची पट्टी हॉटेलच्या दिव्यांत लखलखली.

चिरंजीव मनातल्या मनात म्हणाले, घाबरू नकोस, दोन्ही पाय जमिनीवर ठेव. पण दार काही उघडेना. इतक्या दिवसांची डॉक्टरीणबाईंची सोबत, पुढचे सगळे बेत, सगळं त्या दोन फुल्यांवर येऊन थांबलं होतं. आणि सूप अर्धंच झालं होतं.

"वळा," अधीक्षक म्हणाले.

"काय?"

"मागं वळा."

चिरंजीव वळले. अधीक्षकांनी शर्टाच्या खिशातून वाचायचा चष्मा काढून एका हाताने डोळ्यांवर चढवला. चिरंजीवांनी मान तिरकी करून भीत भीत बघितलं, आणि त्यांना दिसलं, की चष्म्याच्या काचेवर, कोपऱ्यात, कंपनीचा गोल स्टिकर जसाच्या तसा आहे.

"टाके?" अधीक्षकांनी वाकून विचारलं.

"आहेत."

"खिसे?"

"बंद."

"तिन्ही?"

"आतलेसुद्धा."

अधीक्षक सावकाश उभे राहिले. त्यांनी आपलं डावं मनगट पुढे केलं. तिथे पट्टी होती. मग ते वळले. पाठीमागे दोन फुल्या, पांढऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या, पण एकही दोरा ढळलेला नाही. "ही शाळेत जायला लागली तेव्हा घेतला," ते म्हणाले. "अजून नवाय."

डॉक्टरीणबाईंनी चेहरा हातांनी झाकून घेतला.

"म्हणून तू मला घरी बोलावलं नाहीस?" चिरंजीवांनी हळूच विचारलं.

"आमच्या सोफ्यावर प्लास्टिक आहे," त्या बोटांच्या फटीतून म्हणाल्या.

"जाड की पातळ?"

"जाड. उन्हाळ्यात तर माणूस..."

"सुटत नाही."

"हो!" डॉक्टरीणबाईंनी हात खाली घेतले. "तुला कसं माहीत?" आणि मग एकदम, "म्हणून तू मला घरी नेत नव्हतास!"

त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. चिरंजीवही हसले, पण बेताने, कारण टाके होते.

"वडील काय करतात?" अधीक्षकांनी विचारलं.

"आता निवृत्त. आधी वीज कंपनीत होते. मीटरला सील लावायचे."

अधीक्षकांना खाली बसावं लागलं. "सील," ते पत्नीकडे बघून म्हणाले. "ऐकलंस? सील." मग चिरंजीवांकडे वळून: "हल्लीची मुलं वस्तू हातात आली की टराटरा फाडतात. ज्याच्या हातून दोरा तुटत नाही, त्याच्या हातून दुसरं काय तुटणार? बसा. सूप संपवा."

हॉटेलचे व्यवस्थापक खुर्चीच्या कव्हराबद्दल तक्रार घेऊन आले तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या आईनेच त्यांना फैलावर घेतलं. "पांढरं कव्हर असं उघडं ठेवतं का कुणी? त्याच्यावर एक कव्हर घातलं असतं तर ही वेळ आली असती का?" व्यवस्थापकांनी क्षमा मागितली.

पुढच्या रविवारी दोन्ही घरांनी एकमेकांना भेटायचं ठरलं. अधीक्षक तीर्थरूपांना भेटायला इतके अधीर झाले होते, की निघताना दोनदा पत्ता विचारून गेले.

आई-वडील गेल्यावर डॉक्टरीणबाई चिरंजीवांना घेऊन हॉटेलच्या बाजूच्या गल्लीत आल्या. पर्स उघडून त्यांनी एक छोटी, टोकाला वाकडी कात्री काढली.

"हलू नकोस."

"अगं, पण बाबांना काय सांगू?"

"डॉक्टरांनी काढले म्हणून सांग. डॉक्टरांपुढे कुणाचं चालतं?"

त्यांनी आधी फुल्या काढल्या, मग पट्टी, मग एकेक खिसा. हनुवटीचे काढले होते तसेच, दोरा न ओढता, अलगद. शेवटचा टाका निघाला तशी चिरंजीवांची पाठ सैल झाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मोठा श्वास घेतला. ते हॉटेलच्या भिंतीला टेकले. एक पाय उचलून मागे भिंतीला लावला. कुणीही ओरडलं नाही. मग उजवा हात खिशात घातला, थेट व्हिडिओतल्या मुलासारखा.

"कसा दिसतोय?"

"ब्लेझरवाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खिशात बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढलं. प्लास्टिकची इवलीशी पुडी होती, चारी बाजूंनी चिकटवलेली, आणि आत एक जादा काळं बटण. चिरंजीवांनी पुडीचं टोक चिमटीत धरलं आणि हात तिथेच थांबला. त्यांनी मान वर केली. डॉक्टरीणबाई श्वास रोखून त्या पुडीकडेच बघत होत्या. हातातली कात्री त्यांनी पाठीमागे लपवली होती.

"आत्ता लागणार नाहीये ना बटण?" त्या हळूच म्हणाल्या. "मग राहू दे की."

चिरंजीवांनी पुडी जपून परत खिशात ठेवली आणि दोघं चालायला लागले. त्यांचा उजवा हात खिशात होता, पुडीवर. डावा, बऱ्याच दिवसांनी मोकळा झालेला, डॉक्टरीणबाईंनी धरला होता.